नत्थूजींचं वजन आणि मास्तरांचं उत्तर

पुंडलिक मास्तरांनी आयुष्यात फक्त एका पत्राचं उत्तर दिलं नव्हतं. बाकी सगळ्या पत्रांना ते उलटटपाली उत्तर देत. बियाण्यांच्या दुकानानं चुकून छापील जाहिरात पाठवली, तरी 'आपले पत्र पावले. आभारी आहे. परंतु मजकडे शेती नाही' असं सुवाच्य अक्षरात कळवणारा माणूस! पण सौंसरहून जेठ महिन्यात आलेलं ते पत्र मात्र शब्दकोशाच्या पानांत चपटं होत पडलं होतं. आषाढ गेला, श्रावण गेला, पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत मास्तरांच्या पांढुर्ण्याची आणि पलीकडच्या सावरगावची गोटमार, म्हणजे दरवर्षीची रीतसर दगडफेक, होऊन डोकी फुटली, बांधली गेली आणि बरीही झाली. पत्र तिथंच!

पत्र होतं बापूजींचं. बापूजी म्हणजे सौंसरचे संत्र्यांचे व्यापारी. त्यांची मुलगी वच्छला हिला पाहायला मास्तर वैशाखात जाऊन आले होते. पाहायला गेले असं आपलं म्हणायचं. मास्तरांनी प्रत्यक्षात पाहिली ती पोह्यांची बशी. बशीच्या काठावर निळी वेल होती आणि वेलीला सतरा पानं होती, एवढं ते शपथेवर सांगू शकले असते. मुलीचं नाक कसं आहे, असं कोणी विचारलं असतं तर मात्र पंचाईत होती. मास्तरांचे आईवडील नव्हते. बैतूलचे मामा 'तुझं तू पाहून घे' म्हणून मोकळे झाले होते. त्यामुळे बापूजींनी पत्र थेट मास्तरांनाच लिहिलं होतं : 'आमची पसंती आहे. आपला विचार कळवावा.'

आणि त्याखाली, वेगळ्या, बारीक, ठसठशीत अक्षरात एक ओळ होती. वच्छलेची!

'आपण दर रविवारी सायकलवर बेकरीला जाता असे ऐकले. डबलसीट घेता येते का?'

बशी पाहून जे झालं नव्हतं ते त्या एका ओळीनं झालं. मास्तर पार विरघळले. त्या काळी घरच्या मुलींनी बेकरीच्या बाकावर बसून गरम खारी खावी अशी रीत नव्हती. त्यांच्या वाट्याला खारी यायची ती कागदात बांधून, गार होऊन, अर्धी चुरा होऊन. आणि ही मुलगी चक्क विचारत होती, मला तिथवर न्याल का!

अडचण एवढीच की, मास्तरांना डबलसीट येत नव्हती. 'होय' लिहावं तर ते खोटं. 'नाही' लिहावं तर तो लग्नालाच नकार वाटायचा. मास्तरांनी सतरा मसुदे केले आणि सतराही फाडले.

"त्यात काय आहे, नत्थूजी!" त्यांनी शेजारच्या नत्थूजींना छातीठोकपणे सांगितलं. "पंधरा दिवसांत डबलसीट शिकतो. मग खरंखुरं 'होय' लिहितो. माझ्या पत्रात आजवर एक अक्षर खोटं गेलेलं नाही!"

नत्थूजी जिनिंगमध्ये काट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्यांचं वजन करायचे. स्वतः मात्र चिपाडासारखे.

"पन मांगं बसन कोन?" नत्थूजींनी विचारलं.

"सरकीचं पोतं बांधतो."

"छ्या! पोतं हालत नाही, बोलत नाही. बाईमानूस इकडं पायते, तिकडं पायते, पदर सावरते. सराव जित्या मानसावर पाह्यजे, मास्तर!"

"मग तुम्ही बसता का?"

नत्थूजींनी मिशीवरून हात फिरवला. "बसतो. पन परतीच्या वाटेवर गुनवंताकडं थांबलं पाह्यजे. पडन झडन, अंगात ताकद तं पाह्यजे का नाही?"

गुणवंताची बेकरी स्टेशनच्या रस्त्यावर होती. मास्तरांना आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून अभिमान होता. एक आपल्या अक्षराचा आणि दुसरा गुणवंताच्या बेकरीचा. खारी तोंडात घातली की आधी कागदासारखी वाजायची आणि मग लोण्यासारखी नाहीशी व्हायची! जिऱ्याची बिस्किटं अशी की डबा उघडला तर तीन घरं पलीकडचा माणूस खोकून आपण घरी असल्याचं कळवायचा. आणि नानकटाई! बाया दिवाळीला आपापल्या घरचं तूप, साखर, मैदा नेऊन द्यायच्या आणि गुणवंता ज्याची त्याला भाजून द्यायचा. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून तो म्हणायचा, "कामठीच्या छावनीत गोऱ्या सायबांले खारी खाऊ घातली म्या. सायब गेले, स्वराज्य आलं, पन चव हललीन का? सांगा!"

नव्हतीच हलली.

सरावाला सुरुवात झाली. पहिल्या रविवारी स्टेशनमागच्या पडीक शेतात दोघं सात वेळा पडले. नत्थूजींनी सात खाऱ्या खाल्ल्या. "एका पडीला एक," ते म्हणाले. दुसऱ्या रविवारी सावरगाव, पाच पडी. तिसऱ्या रविवारी तीनच! मास्तरांची छाती फुगली. "पाहिलंत? उतरता आलेख आहे!"

पण दुसरा एक आलेख चढता होता, तो मास्तरांच्या ध्यानात आला नाही. नत्थूजी पडी कमी झाल्या म्हणून खाणं कमी करायला तयार नव्हते. "आता न पडल्याची खुशी नाही करायची का?" असं म्हणून ते बनपाव मागवायचे. आधी नुसता, मग लोणी लावून, मग दोन. आषाढात नत्थूजी जिनिंगच्या काट्यावर, चाळीस शेरांच्या मणानं, एक मण अठरा शेर भरले होते. पोळ्याला एक मण सत्तावीस. दसऱ्याला एक मण छत्तीस! दर सोमवारी ते कापसाआधी स्वतःला तोलायचे आणि मोठ्या अभिमानानं मास्तरांना आकडा सांगायला यायचे. त्यांच्या बायकोला, केसरबाईला तर आनंदाचं भरतं आलं. "मास्तर, बारा वर्साच्या संसारात मी जे नाही करू शकली, थे तुमच्या सायकलीनं केलं!"

म्हणजे मास्तर एक मण अठरा शेर उचलायला शिकले, तोवर मागं एक मण सत्तावीस बसलेलं असायचं. सत्तावीसची सवय झाली की छत्तीस! तिगावच्या फेरीत सायकलच्या मागच्या चाकाच्या चार तारा तुटल्या. आणि नत्थूजी चहात टोस्ट बुडवत म्हणाले, "सायकल कच्ची आहे, मास्तर. तुमचा सराव तं पक्का होऊन राहिला!"

मास्तरांना ते पटायचं. स्वतःवर विश्वास नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं काहीही पटतं.

बेकरीच्या बाकावर त्या दिवसांत एकच विषय होता. राज्यांची नवी आखणी चालली होती. नागपूर मुंबईकडं गेलं, आपण भोपाळकडं राहिलो, बोली वऱ्हाडी आणि सरकारी कागद हिंदी, यावर खारीचे तुकडे आणि आवाज दोन्ही उडायचे. पहिल्या नोव्हेंबरला तोही निकाल अमलात आला. देशभरातल्या राज्यांच्या सीमा आखून झाल्या. मास्तरांचं एक कार्ड काही लिहून झालं नव्हतं!

आणि दिवाळी सरता सरता नत्थूजी बातमी घेऊन आले. सौंसरहून संत्र्यांची गाडी आली होती, गाडीवानानं सांगितलं होतं.

"मास्तर, घात झाला! वच्छलेले छिंदवाड्याचं स्थळ आलं. पोरगा तहसिलीत आहे. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पाहाले येऊन राहिले. बापूजी म्हनते, पांढुर्ण्याचे मास्तर बहुतेक मुके हायत."

तुळशीचं लग्न बुधवारी. मध्ये एकच रविवार.

"आत्ता लिहा ना कार्ड!" केसरबाई कुंपणावरून ओरडली.

"खोटं कसं लिहू, वहिनी? या रविवारी पांढुर्णा ते सौंसर डबलसीट नेतो. वीसबावीस मैल! सौंसरच्या नाक्याला हात लावून परत फिरतो. त्याच रात्री खरं 'होय' लिहितो. सोमवारच्या डाकेत पत्र. मंगळवारी त्यांच्या हातात!"

वेळापत्रक बिनतोड होतं. केसरबाईनं शिदोरी म्हणून घरच्या तुपाची, गुणवंताकडून भाजून आणलेली नानकटाई पितळी डब्यात गच्च भरून दिली. मोजून पन्नास!

रविवारी सकाळी गुणवंताच्या बेकरीसमोर मास्तर सायकलवर बसले. मागं नत्थूजी बसले. त्या सोमवारचा आकडा होता दोन मण दोन शेर. नत्थूजी टेकले मात्र, सायकलचं पुढचं चाक उचललं गेलं आणि बिथरलेल्या घोड्यासारखी ती मागच्या पायावर उभी राहिली! मास्तर हँडलला लोंबकळले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा गुणवंता भट्टी सोडून बघायला आला.

"असं करू," नत्थूजी म्हणाले. "गावाभाईरपर्यंत मी चालवतो. तुम्ही मांगं बसा, डबा धरा. मोकळ्या रस्त्यावर बदलून घेऊ."

मोकळा रस्ता आला. पण तिथं चढ होता. "चढ सरू द्या," नत्थूजी म्हणाले. चढ सरल्यावर उतार लागला. "उतारावर कोनी उतरते का, मास्तर?" मग खडी आली, मग बैलगाड्या आल्या. नत्थूजी दोन मणांचे असले तरी आता पाय मारायची ताकदही दोन मणांची झाली होती. फक्त दर मैलाच्या दगडाशी त्यांचा एक हात मागं यायचा, पंजा उघडा.

"कोळसा टाका, मास्तर!"

मास्तर डब्यातून नानकटाई काढून पंजावर ठेवायचे. चढावर दोन. वाऱ्यात तीन. दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा, पिवळी झालेली फळं, तोडणीला आलेल्या बायांच्या हाका, आणि तोंडात घरच्या तुपाची नानकटाई! हो, मास्तरांनीही खाल्ल्या. जिभेवर ठेवली की आधी वेलची बोलायची, मग तूप. असल्या सकाळी शेजारी ठसठशीत अक्षराचं माणूस असतं तर... असं मनात येऊन त्यांनी आणखी एक खाल्ली. किती झाल्या हे मोजायचं राहिलं. शाळेत हजेरी घेताना एक नाव न चुकणारा माणूस!

"नत्थूजी, नाका दिसायला लागला! शेवटचा फर्लांग तरी मी चालवतो. ठरलं होतं!"

"हाव, हाव. हे घ्या, थांबवतो."

नत्थूजींनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबला गेला, पण सायकल थांबली नाही! बिचारं रबर एका मास्तराच्या मापाचं होतं, साडेतीन मणांच्या मापाचं नव्हतं. पुढं उतार. नाका आला, नाका गेला. नाकेदार "ओ, ओ!" करत दोन पावलं धावला. बाजार आला. सौंसरची बेकरी आली. नत्थूजींनी अशाही वेळी तिकडं मान वळवून टोस्टचा वास घेतला आणि तिथंच हँडल वळलं.

समोर एका ओट्याखाली संत्र्यांचा डोंगर लावलेला होता. सायकल त्यात शिरली. संत्री गल्लीभर सुटली! नत्थूजी डाव्या अंगाला, सायकल उजव्या अंगाला, आणि मधोमध, संत्र्यांच्या ढिगावर, मांडीवर पितळी डबा घट्ट धरून पुंडलिक मास्तर. गणपतीसारखे बसलेले!

ओट्यावर बापूजी उभे होते.

मास्तरांनी डोळे मिटले. आता शिव्या! पण बापूजींची नजर संत्र्यांवर नव्हती. ती डब्यावर होती. त्या भागातली जुनी रीत अशी, की स्थळाला नकार द्यायचा तर तिसऱ्याच्या तोंडी द्यावा. आणि होकार द्यायचा तर स्वतः गोडाचा डबा घेऊन दारात यावं. मास्तर पुस्तकं पुष्कळ वाचत, पण ही रीत कोणत्या पुस्तकात नव्हती.

"आले!" बापूजी गरजले. "वच्छलेची माय, ऐकलं का? पांढुर्ण्याचे मास्तर आले! डबा घेऊन आले! मी म्हनत नव्हतो, मानूस सावकाश आहे पन पक्का आहे!"

"अहो, मी... नुसता नाक्याला हात..." मास्तरांनी तोंड उघडलं. कोणी ऐकेना. शेजारपाजार जमला. सांडलेली संत्री वेचणाऱ्या चार म्हाताऱ्या वेचायच्या थांबल्या. बापूजींची बहीण प्रेमलताबाई आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. मास्तरांना उचलून ओट्यावर, सतरंजीवर बसवण्यात आलं.

"आता तोंड गोड करा सगळ्याईचं!" बापूजींनी डबा हाती घेतला आणि सगळ्यांपुढं झाकण उघडलं.

डब्यात चिमूटभर चुरा होता. आणि तळाशी केसरबाईची चिठ्ठी : 'सगळं खाऊ नका. परतीलेही लागन.'

सगळ्यांनी वाकून पाहिलं. एक संत्रं पायरीवरून टप टप करत खाली गेलं.

"रिकामा डबा!" प्रेमलताबाईनं करंडा मिटला. "पोरीच्या दारात रिकामा डबा! याच्यापेक्षा नाही म्हटलं असतं तं बरं होतं. बापू, छिंदवाड्याले निरोप धाडा!"

नत्थूजी पुढं सरसावले. "असं नका म्हनू, ताई! डबा रिकामा झाला थे नानकटाईची तारीफ होय! आमच्या पांढुर्ण्याची नानकटाई भरल्या डब्यानं कोन्याच गावाले पोचत नाही!"

"तुम्ही कोन?"

"मी सरावाचा मानूस."

हे ऐकून गोंधळ आणखीनच वाढला. बापूजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी डबा खाली ठेवला. "मास्तर, सहा महिने पत्राची वाट पायली. अख्ख्या देशातल्या राज्याईच्या शिवा आखून झाल्या, तुमच्याच्यानं एक कार्ड लिहून झालं नाही. आज आले तं हे! आता सगळ्याईसमोर तोंडानं सांगा. हाव का नाही?"

वर्गात पन्नास पोरांपुढं बोलणारा माणूस, पण इथं सतरंजीच्या दशा मोजू लागला. आता बोललं नाही तर बुधवारी छिंदवाडा! सगळं कळत होतं. तोंडातून निघालं ते असं :

"मी... पत्रानं कळवतो."

लोक हसायचंच विसरले. बापूजींनी कपाळावर हात मारला. "अजून पत्रानंच?"

दाराच्या आडून एक आवाज आला. "बाबा, त्याईले कार्ड द्या."

वच्छला उंबऱ्यात उभी होती. मास्तरांनी या खेपेला मान वर केली. नाक सरळ होतं, आणि त्या नाकाच्या दोन्ही बाजूंचे डोळे हसत होते.

"काय म्हनून राहिली तू?" प्रेमलताबाई म्हणाली.

"त्याईले बोलता नाही येत, आत्या. लिहिता येते. लिहू द्या." मग ती थेट मास्तरांना म्हणाली, "एक विचारू? चालवत कोन आलं?"

नत्थूजींनी घाईघाईनं तोंड उघडलं. पण मास्तर आधी बोलले. त्या दिवशीचं त्यांचं पहिलं ठाम वाक्य!

"नत्थूजी. मी मागं बसून आलो. पांढुर्ण्यापासून."

ओटा खदखदून हसला. चार म्हाताऱ्या संत्र्यांत बसूनच हसल्या. वच्छला हसली नाही. "बरं झालं खरं सांगतलं," एवढंच म्हणाली, आणि आतून दौत-टाक आणि पोस्टकार्ड आणून तिनं सतरंजीवर ठेवलं.

मास्तर लिहायला बसले. आणि काय सांगावं, टाक हातात येताच माणूस बदलला! पाठ ताठ, मनगट स्थिर. कार्ड उघडं असतं, कोणीही वाचू शकतं. पण बापूजी आभाळाकडं पाहू लागले, प्रेमलताबाई करंड्याकडं, आणि शेजारपाजार एकमेकांच्या चपलांकडं. सौंसर सभ्य गाव! फक्त नत्थूजी खांद्यावरून डोकावत होते.

"पत्ता?" मास्तरांनी सवयीनं विचारलं.

"हाच!" बापूजी आभाळाकडं पाहतच ओरडले. "तुम्ही बसले थोच!"

मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'आपले जेठ महिन्याचे पत्र पावले. उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. डबलसीटच्या प्रश्नाबाबत : नत्थूजींना घेता येत नाही. आपले वजन मला ठाऊक नाही. परंतु नत्थूजींपुढे ते नगण्य असावे. बेकरीस अवश्य नेईन. पडल्यास उचलीन.'

सहीखाली रेघ मारून ते उठले. नत्थूजी कानात कुजबुजले, "मास्तर, सगळं छान आहे. पन यात हाव कुठं आहे?"

मास्तर दचकून पुन्हा बसले. सहा महिने ज्या शब्दासाठी घालवले तोच राहिला होता! कोपऱ्यात जागा उरली होती अंगठ्याच्या नखाएवढी. तिथं त्यांनी लिहिलं : 'होय.' आजवर लिहिलेला त्यांचा सगळ्यात देखणा शब्द.

लाल पेटी गल्लीच्या कोपऱ्यावर होती, ओट्यापासून तीस पावलांवर. मास्तर कार्ड छातीशी, मजकूर आत, असं धरून निघाले. पायाखाली संत्री येत होती, एका गुडघ्याला खरचटलं होतं, पण चाल अशी की जणू नव्या राज्याचा पहिला हुकूम घेऊन निघालेत! मागं अख्खा ओटा पायरीवर येऊन उभा राहिला. वच्छला सगळ्यांत पुढं. पेटीशी मास्तर क्षणभर थांबले, कार्ड एकदा वाचलं, आणि आत सोडलं. टप्प असा आवाज झाला. त्यांनी मागं वळून पाहिलं. अभिमानानं!

"टाकलं?" बापूजींनी हाक मारली.

"टाकलं!"

"बरं. आज रविवार. उद्या दुपारी पेटी उघडन, परवा वाटप." बापूजींनी बाकीच्यांकडं वळून हात जोडले. "मंडळी, मंगळवारी या. तवा कळन!"